चित्र दिसतंय, आवाज कुठंय?

मराठवाड्याला न जुळणाऱ्या गोष्टींची सवय रेल्वेनं लावली. 1900 च्या सुमारास मनमाडपासून औरंगाबाद, परभणी, नांदेड करत सिकंदराबादेपर्यंत निजामाच्या राज्यातली गाडी धावू लागली, ती मीटरगेजवर. मनमाडला येणारी मुंबईची लाइन मात्र ब्रॉडगेज. लातूरची तऱ्हा आणखी निराळी. बार्शी लाइट रेल्वेचे रूळ 1911 मध्ये लातूरला पोचले ते अडीच फुटांचे, म्हणजे नॅरोगेज. लातूरच्या अडतीवरचा माल पुढं न्यायचा तर कुर्डुवाडीला एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवावा लागे, नांदेडचा मनमाडला. गेज ठरवणारे लांब कुठंतरी बसलेले, आणि ते न जुळल्याचं ओझं स्टेशनातल्या हमालाच्या पाठीवर. मनमाड-नांदेड मार्ग ब्रॉडगेज व्हायला 1990 चं दशक उजाडलं. लातूर-कुर्डुवाडीला त्याहूनही उशीर लागला.

गाणी आणि सिनेमे नांदेड-लातूर या दोन जिल्ह्यांतल्या घरांत कसे पोचले हे पाहू लागलं, की प्रत्येक टप्प्यावर असाच एक मधला माणूस भेटतो. कधी तो टीव्ही मेकॅनिक असतो, कधी व्हिडिओ सेंटरवाला, कधी केबलवाला, कधी मोबाइलच्या दुकानातला पोरगा. फॉरमॅटचा इतिहास बहुधा कंपन्यांच्या लढाईसारखा सांगितला जातो: कोण जिंकलं, कोण बुडालं. नांदेड-लातूरकडून पाहिलं तर तो या मधल्या माणसाचा इतिहास आहे.

सुरुवात सोपी होती, कारण कॅसेटला गेजचं दुखणं नव्हतंच. फिलिप्सनं 1963 मध्ये बर्लिनच्या प्रदर्शनात छोटी कॅसेट मांडली आणि पुढं ती बनवण्याचा परवाना इतर कंपन्यांना फुकट दिला. यात औदार्य कमी आणि जपानी कंपन्यांचा दबाव जास्त होता. पण परिणाम असा झाला, की फितीची रुंदी आणि वेग जगभर एकच राहिला. जपानी डेक असो की दिल्लीत जुळवलेला स्वस्त टेप, कॅसेट दोन्हीत वाजे. त्याआधी गाणं बाजारात यायचं तर एचएमव्हीच्या तबकडीवर, म्हणजे कंपनीला पटलं तरच. 1980 च्या दशकात टी-सिरीजसारख्या कंपन्यांनी कॅसेटची किंमत पाडली आणि छोट्या भांडवलावरही कॅसेट काढता येऊ लागली. पीटर मॅन्युएल यांनी 1993 साली ‘कॅसेट कल्चर’ या पुस्तकात उत्तर भारताबद्दल हे सविस्तर मांडलं आहे. मराठवाड्यालाही ते बरंचसं लागू पडतं. प्रल्हाद शिंदे यांची भक्तिगीतं आणि भीमगीतं, मग आनंद आणि मिलिंद शिंदे यांची लोकगीतं, नांदेडच्या हजूर साहिब गुरुद्वाराच्या परिसरात कीर्तनाच्या कॅसेटी, उरुसात कव्वाल्या. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत आणि लातूरच्या सिद्धेश्वराच्या यात्रेत हा माल उघड्यावर विकला जाई. घेणाऱ्यानं ‘ही माझ्या टेपवर चालेल का?’ असं कधी विचारलं नाही. तो प्रश्न दूरचित्रवाणीबरोबर आला.

तीही इकडं आधी वळसा घालूनच गेली. ऑगस्ट 1975 ते जुलै 1976 या वर्षात अमेरिकेचा एटीएस-6 उपग्रह वापरून भारतानं 2400 खेड्यांत थेट टीव्ही दाखवण्याचा प्रयोग केला. सहा राज्यं निवडली गेली. त्यांत महाराष्ट्र नव्हता. सीमेपलीकडं कर्नाटकात गुलबर्गा आणि आंध्रात मेदक या जिल्ह्यांतली खेडी जाळीच्या छत्र्या उभारून कार्यक्रम पाहत होती. त्या प्रयोगातली एक युक्ती लक्षात ठेवण्याजोगी आहे: चित्र एकच, आवाजाच्या वाहिन्या दोन, एक तेलुगू आणि एक कन्नड. एकाच चित्राला वेगवेगळे आवाज जोडता येतात आणि ते वेगळे पडूही शकतात, हे पुढं आपल्या घरांनाही कळणार होतं, फार कमी सुखद रीतीनं.

मुंबई दूरदर्शन 2 ऑक्टोबर 1972 ला सुरू झालं होतं, पण त्याचा आवाका मुंबई-पुण्यापलीकडं फारसा नव्हता. खरी उडी 1982 नंतर पडली. त्या वर्षी एशियाडच्या निमित्तानं रंगीत प्रसारण आलं, 1983 मध्ये इन्सॅट-1बी आकाशात गेला आणि 1984 मध्ये काही महिने दिवसाला जवळपास एक या वेगानं देशभर सहक्षेपण केंद्रं उभी राहिली. शंभर वॅटची ही केंद्रं उपग्रहावरून दिल्लीचा कार्यक्रम उतरवून घेत आणि गावापुरता पसरवत. त्यामुळं मराठवाड्यातल्या पहिल्या टीव्हीवाल्या घरांत मुंबईच्या मराठी कार्यक्रमांआधी दिल्लीची ‘हम लोग’ मालिका पोचली, आणि केंद्रापासून थोड्या लांबच्या गावात उंच बांबूवर अँटिना, त्याला बूस्टर, आणि गच्चीवरून ‘आलं का?’ अशी हाक.

भारतानं रंगासाठी पाल ही पद्धत स्वीकारली: 625 रेषा, सेकंदाला 25 चौकटी. अमेरिका आणि जपानची एनटीएससी 525 रेषांची, सेकंदाला जवळपास 30 चौकटींची. फ्रान्सची सेकॅम तिसरीच, आणि सौदी अरेबियातही तेव्हा सेकॅम होती. ही नावं नांदेड-लातूरच्या लोकांना पुस्तकातून कळली नाहीत. आखातात कामाला गेलेला भाऊ किंवा मामा व्हीसीआर घेऊन आला आणि मग कळली. आखातातल्या दुकानांत तिन्ही पद्धती चालवणारी मल्टिसिस्टिम यंत्रं का मिळत, हे तिथल्या बाजारात केरळपासून फिलिपाइन्सपर्यंतचं गिऱ्हाईक उभं होतं हे आठवलं की समजतं. ज्यानं चार पैसे वाचवून साधं यंत्र घेतलं, त्याची पंचाईत झाली. अमेरिकेतल्या नातलगानं पाठवलेली बारशाची कॅसेट इथल्या व्हीसीआरमध्ये घातली की चित्र काळंपांढरं होऊन वर सरकत राही.

हाँगकाँगहून किंवा इंग्लंडहून आलेल्या यंत्राची खोड आणखी छुपी. तिथली पद्धतही पालच, पण आवाजाची लहर चित्रापासून 6 मेगाहर्ट्झवर, आपल्याकडं 5.5 वर. असा व्हीसीआर अँटिनाच्या वायरीनं टीव्हीला जोडला की चित्र स्वच्छ, आवाजाच्या जागी नुसती खरखर. मेकॅनिक आतला एक छोटा भाग बदलून ते जुळवून देई. इंजिनिअरिंगचं शिक्षण न घेतलेला, बाजारातल्या दोन बाय तीनच्या गाळ्यात बसलेला हा माणूस दोन देशांमधला अर्ध्या मेगाहर्ट्झचा फरक सोल्डरिंगच्या लोखंडानं मिटवत होता.

बीटामॅक्स की व्हीएचएस, हा जगभर गाजलेला वाद इथं फारसा रंगलाच नाही. सोनीचा बीटामॅक्स 1975 चा, जेव्हीसीचा व्हीएचएस 1976 चा. बीटामॅक्सचं चित्र थोडं सरस म्हणत, पण पाल पद्धतीतली व्हीएचएसची ई-180 कॅसेट तीन तास चाले. तीन तासांत हिंदी सिनेमा गाण्यांसकट मावतो. माझ्या मते आपल्याकडचा निकाल लावायला एवढं पुरेसं होतं.

व्हीसीआर विकत घेणारी घरं मूठभर. बाकीच्यांसाठी व्हिडिओ सेंटर: रंगीत टीव्ही, व्हीसीआर आणि तीन-चार कॅसेटी एका रात्रीसाठी भाड्यानं. गणपतीत चौकात, लग्नाआधीच्या रात्री मांडवात, उन्हाळ्यात गच्चीवर. पायरसी इतकी सर्रास होती, की 1984 मध्ये कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती करून व्हिडिओ चित्रपटांचा त्यात स्पष्ट समावेश करावा लागला. कायद्याचा वचक मोठ्या शहरात किती बसला ते सोडा. तालुक्याच्या गावी भाड्याची वही चालूच राहिली. यंत्र आणून जोडून देणं, हेडला लागलेला मळ पुसणं, अडकलेली फीत सोडवणं, सगळं सेंटरच्या पोराकडं. पाहणाऱ्यानं फक्त पाहायचं.

केबलवाल्यानं हीच सोय गल्लीभर पसरवली. 1991 च्या आखाती युद्धात परदेशी वाहिन्यांची चव लागली, ऑक्टोबर 1992 मध्ये झी टीव्ही आला आणि छत्र्या गावोगाव उगवल्या. पण घराघरात केबल ओढून घेतली जात होती ती केवळ झीसाठी नव्हे. केबलवाल्याच्या खोलीत एक व्हीसीआर असे आणि त्याची स्वतःची एक वाहिनी. रात्री नवा सिनेमा, सकाळी आरत्या, गावातल्या मिरवणुकीचं चित्रण, मध्येच कापड दुकानाची जाहिरात. आज आपण घरी स्ट्रीमिंग म्हणतो ते याहून वेगळं काय असतं? एका जागी फीत, शेकडो घरांत चित्र. आणि फॉरमॅटची चिंता त्या एका खोलीतच संपे. त्यानं व्हीएचएस लावली की व्हीसीडी, घरातल्या टीव्हीला त्याचा पत्ताही लागत नसे. 1995 चा केबल कायदा आला, नोंदणी आली, कर आला; ही व्यवस्था तरीही वीसेक वर्षं टिकली.

व्हीसीडीचा जन्म 1993 चा. 352 बाय 288 ठिपक्यांचं चित्र, एका तबकडीत 74 मिनिटं. अमेरिकेनं तिला कधी मनावर घेतलं नाही. आशियानं मात्र उचलून धरलं, कारण फीत दमटपणानं खराब होते, तबकडी नाही, आणि ती कॉपी करण्याला कुलूप नव्हतं. सिनेमा दोन किंवा तीन तबकड्यांत कापलेला असल्यानं नायिकेचं गाणं अर्ध्यावर तुटे आणि कुणीतरी उठून दुसरी तबकडी घाले. स्वस्त व्हीसीडी आणि हौशी कॅमेरा यांतून नाशिक जिल्ह्यातल्या मालेगावात तर एक सिनेसृष्टी उभी राहिली. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी 2000 मध्ये ‘मालेगाव के शोले’ केला. (हे मालेगाव निराळं, आपलं खंडोबाचं माळेगाव निराळं.) 2007 मध्ये मोझर बेअरनं अस्सल व्हीसीडी 28 रुपयांत आणि डीव्हीडी 34 रुपयांत आणली, तेव्हा चोरट्या मालालाही थोडा घाम फुटला.

डीव्हीडीनं पहिल्यांदाच न जुळणं मुद्दाम विकायला काढलं. जगाचे विभाग पाडले: अमेरिका एक, भारत पाच. विभाग एकची तबकडी विभाग पाचच्या नामांकित प्लेयरवर चालायची नाही, हे यंत्र बिघडल्यामुळं नव्हे, तसं ठरवल्यामुळं. चिनी बनावटीच्या स्वस्त प्लेयरला हा नियम पाळण्याची गरज वाटली नाही. वर 1999 नंतर इंटरनेटवर पसरलेला डिवएक्स त्यांतले बरेच चालवत: सबंध सिनेमा 700 एमबीच्या एका सीडीत. नामांकित कंपनीचा महागडा प्लेयर अडेल आणि ‘चायना’चा सगळं गिळेल, हा अनुभव त्या दशकात इतक्या घरांनी घेतला, की ‘कुठल्या कंपनीचा?’ याऐवजी ‘काय काय चालतं?’ असं लोक दुकानात विचारू लागले.

भारनियमनाची वर्षंही हीच. ग्रामीण भागात दिवसाचे बारा तास आणि कधी त्याहूनही अधिक वीज नसे. टीव्हीसमोर बसणं वेळापत्रकात मावेना, म्हणून करमणूक खिशात आली. 2008 च्या आगेमागे प्रत्येक बसस्टँडसमोर मोबाइलची दुकानं झाली आणि त्यांत संगणकासमोर एक पोरगा. मेमरी कार्ड त्याच्या हाती द्यायचं, हँडसेट दाखवायचा. नोकियाच्या साध्या फोनला 3जीपी लागे, 176 बाय 144 ठिपके, आवाज एएमआर या बोलण्यासाठी बनवलेल्या पद्धतीत, म्हणून गाणं डब्यातून आल्यासारखं. चिनी फोनांपैकी काहींना एव्हीआय चाले, पण तीही विशिष्ट प्रकारचीच. पोरगा फोनचं मॉडेल पाहून सांगे, ‘तुमच्यात एमपी4 चालत नाही, 3जीपी करून देतो.’ फॉरमॅट फॅक्टरी नावाचं फुकट सॉफ्टवेअर त्याचं अवजार. रूपांतर अर्ध्यात असताना वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. कॉलेजांत कोडेक, म्हणजे चित्र-आवाज दाबण्या-उलगडण्याची पद्धत, हा शब्द कुणी शिकवला नव्हता. या दुकानांतून तो शिकला गेला आणि हजारो लोकांच्या खिशात कार्डागणिक पोचला. मराठवाड्यातल्या तांत्रिक शिक्षणाचा इतिहास कुणी लिहिलाच, तर त्याला परीक्षांच्या निकालांसाठी गाजलेल्या ‘लातूर पॅटर्न’शेजारी या खुर्चीलाही जागा द्यावी लागेल.

मग 2016 आलं. एप्रिलमध्ये मिरजेहून पाण्याची ‘जलदूत’ गाडी तहानलेल्या लातूरला पोचली. पहिल्या खेपेत पाच लाख लिटर. रूळ तोवर ब्रॉडगेज झाले होते म्हणून ते मोठे टँकर थेट येऊ शकले. जुलैमध्ये जपानच्या फुनाई कंपनीनं व्हीसीआर बनवणं थांबवलं. जगात तो बनवणारी शेवटची मोठी कंपनी तीच उरली होती. 5 सप्टेंबरला जिओ सुरू झालं. पुढच्या वर्षभरातच मेमरी कार्ड भरून देणाऱ्या खुर्च्या रिकाम्या होऊ लागल्या, कारण गाणं आता कुठूनही येत होतं. ते कसं जुळतं हे कुणाला दिसत नव्हतं. यूट्यूबसारखी कंपनी एका व्हिडिओच्या अनेक आवृत्त्या आधीच करून ठेवते आणि समोरचा फोन पाहून योग्य ती पाठवते. हजूर साहिबचं थेट कीर्तन नांदेडहून निघतं आणि कॅनडातल्या टीव्हीवर आणि मुखेडच्या जुन्या फोनवर एकाच वेळी उतरतं, ते यामुळं. हमाली संपली नव्हती; ती कुठल्याशा सर्व्हरमध्ये गेली होती.

त्याच सुमारास केबलवाल्याची खोलीही बदलली. केबलच्या सक्तीच्या डिजिटलीकरणात नांदेड आणि लातूर शहरं तिसऱ्या टप्प्यात होती. 31 डिसेंबर 2015 ची मुदत न्यायालयांतल्या वादांमुळं जानेवारी 2017 पर्यंत रेंगाळली, आणि खेड्यांची मुदत मार्च 2017 पर्यंत. चित्र सुधारलं, वाहिन्या वाढल्या. पण आता प्रत्येक घरात एक डबा आला, आणि डब्याला स्वतःचा फॉरमॅट असतो. ज्यांनी केबल सोडून दूरदर्शनची फुकट डिश लावली, त्यांना हे आधी उमजलं. जुना डबा एमपीईजी-2 चा. नव्या वाहिन्यांपैकी काही एमपीईजी-4 मध्ये. शेजाऱ्याकडं दिसणारी वाहिनी आपल्याकडं शोधूनही सापडत नाही, डिश तीच, दिशाही तीच.

घरातली खरी फजिती पेनड्राइव्हनं केली. पुण्या-हैदराबादेतून सुट्टीला आलेला मुलगा सिनेमा घेऊन येतो, पेनड्राइव्ह टीव्हीच्या मागं खोचतो. चित्र झकास आणि आवाज गायब. पडद्यावर इंग्रजीत एक ओळ, हा ऑडिओ चालणार नाही. फाइल एमकेव्ही, म्हणजे नुसती पेटी, आत चित्र एका पद्धतीचं आणि आवाज दुसऱ्या. आवाज बहुधा डीटीएस किंवा डॉल्बीचा, आणि तो उलगडून वाजवण्यासाठी टीव्हीच्या कंपनीला परवान्याचे पैसे मोजावे लागतात. सॅमसंगनं 2018 पासूनच्या टीव्हींतून डीटीएस काढलं, एलजीनं 2020 मध्ये. स्वस्त डबे बनवणारे तर असला खर्च करतच नाहीत. म्हणजे मेकॅनिकनं उघडून बदलावं असं आत काही नव्हतंच. 5.5 आणि 6 मेगाहर्ट्झचा झगडा भौतिकशास्त्राचा नव्हता, मानकांचा होता. हा तर निव्वळ हिशेबाचा आहे.

चित्राचंही तेच. 2003 चा एच.264 जवळपास सगळीकडं चालतो. 2013 चा एचईव्हीसी तेच चित्र निम्म्या जागेत बसवतो, पण त्याचे पेटंटधारक एकत्र बसेनात; तीन निरनिराळे गट वेगवेगळी फी मागू लागले. त्याला कंटाळून मोठ्या कंपन्यांनी 2018 मध्ये विनामूल्य एव्ही1 आणला, आणि 2017 साली दिवाळीत घेतलेला टीव्ही तो ओळखत नाही. अ‍ॅपलनं 2017 पासून आयफोनमधलं चित्रण मुळातच एचईव्हीसीत ठेवायला सुरुवात केली, त्यामुळं अमेरिकेतल्या नातवाच्या बारशाची फाइल लातूरच्या टीव्हीवर उघडेना. एनटीएससीची कॅसेट वर सरकत होती त्याला तेव्हा तीसेक वर्षं झाली होती.

यातून वाट काढली ती कुठल्या मानक समितीनं नव्हे, व्हॉट्सअ‍ॅपनं. कुठलाही व्हिडिओ त्यावर टाकला की तो स्वतःच दाबून, कापून, एच.264 मध्ये बसवून पुढं जातो. बरीच वर्षं 16 एमबीच्या मर्यादेत. चेहरे पुसट होतात, साडीची जर सपाट होते, पण प्रत्येक फोनवर चालतो. संगणक असलेल्या घरांत व्हीएलसी असतो. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांनी 1996 मध्ये सुरू केलेला आणि 2001 पासून सर्वांना खुला झालेला हा प्लेयर जवळपास काहीही वाजवतो. काही हौशींनी जुना लॅपटॉप कोपऱ्यात ठेवून त्यावर प्लेक्स किंवा 2018 मध्ये सुरू झालेलं जेलीफिन बसवलं आहे. टीव्हीला जे कळत नाही ते लॅपटॉप चालता चालता बदलून देतो. काम केबलवाल्याच्या खोलीतलंच, फक्त आता ते करायला घरात एखादा जाणता पोरगा लागतो. तो नोकरीला गेला की लॅपटॉप बंद.

कंपन्यांच्या सर्व्हरला ज्याची फिकीर नाही असा एक मोठा साठा मात्र तसाच राहिला आहे: लग्नं. 1980 च्या दशकाच्या अखेरीपासून मराठवाड्यातल्या लग्नांत खांद्यावरचा कॅमेरा आणि डोळे दिपवणारा हॅलोजन आला. ती चित्रणं व्हीएचएसवर. मग मिनी-डीव्ही, मग डीव्हीडी, मग अल्बमच्या खोक्यात पेनड्राइव्ह. प्रत्येक टप्प्यावर मास्टर फीत दुकानातच राहिली आणि बरीचशी पुन्हा वापरली गेली. घरातली प्रत तेवढी एकमेव. तिला वाचवायचं तर चालू व्हीसीआर लागतो, साफ हेड लागतं आणि तीन तासांची फीत तीन तास बसून उतरवून घेणारा माणूस लागतो. तिला घाईत उतरवता येत नाही. नांदेड-लातूरच्या उन्हाळ्यात पत्र्याखालच्या माळ्यावर चुंबकीय फीत किती टिकेल हा प्रश्न वेगळाच. ज्यांच्याकडं अजून व्हीसीआर आहे असे व्हिडिओग्राफर हे काम घेतात, एच.264 आणि एएसी आवाज करून देतात, म्हणजे कुठल्याही टीव्हीवर लागेल. चित्राचं प्रमाण चारास तीनच ठेवायचं की चित्र नव्या टीव्हीच्या आकाराला ताणायचं, हे गिऱ्हाइकाला विचारलं जातं. बरेच जण ताणायला सांगतात, आणि मग 1991 सालचे सडपातळ नवरदेव पडद्यावर अंगानं भरलेले दिसतात.